माजी सैनिक म्हणजे गार्डच का? निवृत्त जवान आणि पोलिसांच्या कौशल्याबद्दलचे समज किती खरे?

‘सुरक्षारक्षक पाहिजेत. माजी सैनिक, निवृत्त पोलीस यांना प्राधान्य.’ यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही ओळ असलेली जाहिरात अधूनमधून फिरत असते. आता याच ग्रुपवर ‘गोदाम व्यवस्थापक पाहिजे, माजी सैनिकाला प्राधान्य’ किंवा ‘कार्यालयीन अधीक्षक पाहिजे, निवृत्त पोलीस चालेल’ अशी जाहिरात कधी पाहिली आहे का, ते आठवून बघा. बहुतेकांना आठवणार नाही.

गणवेश उतरवलेला माणूस फाटकावर चांगला, एवढं आपण धरून चाललो आहोत. त्यात थोडं तथ्य आहे, बरीच सवय आहे आणि काही बाबतीत चक्क चूक आहे. कायदा, आकडे आणि प्रत्यक्ष काम यांच्या आधारे हे समज तपासून पाहू.

आधी शब्द नीट करू

जाहिरातीत ‘माजी सैनिक व पोलीस’ असं एका दमात लिहिलं जातं. ही प्रत्यक्षात तीन वेगवेगळी माणसं आहेत.

सरकारी नियमांत ‘माजी सैनिक’ म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातून नियमानुसार बाहेर पडलेली व्यक्ती. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आहेत. त्यांतून निवृत्त झालेला जवान काश्मीर किंवा छत्तीसगडमध्ये वीस वर्षं काढून आलेला असला, तरी केंद्राच्या नोकऱ्यांमधल्या माजी सैनिकांच्या राखीव जागेवर तो अर्ज करू शकत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये अशा निवृत्तांसाठी वेगळं नामाभिधान ठरवलं, पण त्यामुळे हे आरक्षण मिळालेलं नाही. गावात दोघांनाही ‘मिलिटरीवाले’ म्हणतात. अर्ज छाननीच्या टेबलावर हा फरक कळतो, आणि तोवर परीक्षेची फी भरून झालेली असते.

तिसरा निवृत्त पोलीस. महाराष्ट्र पोलीस दलातला शिपाई किंवा हवालदार नियत वयोमानानुसार ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. लष्करातल्या शिपायाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन लागू होतं, म्हणून तो बऱ्याचदा पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. एकाच्या पुढे कामाची वीसेक वर्षं आहेत, घरात शाळेत जाणारी मुलं आहेत. दुसऱ्याचे गुडघे दुखत आहेत आणि मुलगी सासरी गेली आहे. या दोघांना एकाच जाहिरातीत, एकाच पगारावर, एकाच रात्रपाळीला बोलावणं म्हणजे त्यांच्याबद्दल फारसा विचारच न करणं.

हुद्द्यांचाही घोळ होतो. ‘हवालदार’ हा शब्द दोन्हीकडे आहे. लष्करातल्या हवालदाराने दहाएक जणांचा सेक्शन चालवलेला असतो किंवा अख्ख्या कंपनीचं साहित्य सांभाळलेलं असतं. पोलीस हवालदाराने बीट, तपासात मदत, कोर्टाची कामं, ठाण्याची डायरी अशी निराळी कामं केलेली असतात. शब्द एकच असला तरी कामाचा अनुभव वेगळा आहे.

समज पहिला : शिस्त आहे, मग प्रशिक्षण कशाला?

याचं उत्तर कायद्यातच आहे. खाजगी सुरक्षा एजन्सीज (नियमन) अधिनियम, २००५ मध्ये रक्षक नेमताना माजी सैनिक, केंद्रीय दलांतले, पोलीस आणि होमगार्ड यांना प्राधान्य देता येईल असं म्हटलं आहे. पर्यवेक्षक नेमताना तर अशा दलांत किमान तीन वर्षं काढलेल्यांना प्राधान्य द्यायचंच आहे. म्हणजे हा समज एका अर्थाने कायद्यानेही मान्य केला आहे.

पण तोच कायदा पुढे काय करतो, हे फारसं वाचलं जात नाही. केंद्राच्या नमुना नियमांनुसार नवख्या रक्षकाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी करून ४० तास आणि १६ तास केलं आहे. कमी केलं आहे, माफ केलेलं नाही. लष्करात पहारा देणाऱ्याच्या मागे हत्यार, हुकूम आणि अख्खी पलटण असते. कारखान्याच्या फाटकावर यातलं काहीच नसतं. तिथे अग्निशामक उपकरण वापरणं, ट्रकची गेटपास तपासणं, ओळखपत्र पाहणं, प्रथमोपचार आणि मुख्य म्हणजे आपल्याला कोणते अधिकार नाहीत हे जाणणं, ही कामं आहेत.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना किंवा हंगामात कापसाने भरलेली जिनिंग घ्या. जिनिंगला सर्वांत मोठी भीती आगीची. सरकी, रुई, गाठी यांच्या गंजीत ठिणगी पडली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे तोफखान्यातल्या निवृत्त जवानाला उपजत कळेल असं धरणं त्याच्यावरही अन्याय आणि मालकावरही. शिकवलं तर तो इतरांपेक्षा लवकर शिकेल, हे मात्र मानायला हरकत नाही. कवायतीप्रमाणे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडणं हे त्याने वर्षानुवर्षं केलेलं आहे.

समज दुसरा : निवृत्त पोलीस ठेवला की ‘वजन’ राहतं

निवृत्त पोलिसाला कामावर ठेवताना अनेक मालकांच्या मनात असलेला हिशेब उघड बोलला जात नाही. ठाण्यात ओळख असेल, प्रकरण मिटवेल, चोर सापडला तर दोन हाणेल.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्याचे अधिकार एखाद्या सामान्य नागरिकाइतकेच असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणतीही खाजगी व्यक्ती आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकते, पण त्याला विनाविलंब आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चौकशी करणं, मारहाण करणं, कबुली लिहून घेणं यातलं काहीही निवृत्त पोलिसाला करता येत नाही. केलं तर गुन्हा त्याच्यावर दाखल होतो, आणि ज्याच्या सांगण्यावरून केलं त्याच्यावरही होऊ शकतो.

बंदुकीचंही तसंच. फौजेतून किंवा पोलिसांतून आलेला माणूस शासकीय हत्यार जमा करून येतो. पुढे हत्यार बाळगायचं तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. ‘गनमॅन पाहिजे’ या जाहिरातीत माजी सैनिक असणं पुरेसं नाही, परवाना आणि त्याची मुदत पाहावी लागते. आणि खाजगी रक्षकाला लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालून उभं केलं तर २००५ च्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

या ‘वजना’च्या नादात पोलिसाचं खरं कौशल्य मागे पडतं, ते लिखापढीचं. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या माणसाने स्टेशन डायरीत तास-मिनिटांसह हजारो नोंदी केलेल्या असतात. मुद्देमाल सांभाळणाऱ्याने चाकूपासून ट्रॅक्टरपर्यंत वस्तू वर्षानुवर्षं नोंदीसह जपलेल्या असतात, कारण एक चिठ्ठी हरवली तर न्यायालयात केस पडते. बारनिशी पाहणाऱ्याला आवक-जावक पत्रांचा हिशेब तोंडपाठ असतो. पंचनामा कसा लिहायचा, साक्षीदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत कसं उतरवायचं, हे त्याला येतं. विमा कंपनीचा सर्वेक्षण विभाग, पतसंस्थेची वसुली शाखा, वकिलाचं कार्यालय, महाविद्यालयाचं परीक्षा केंद्र या सगळ्यांना नेमकं असंच माणूस लागतं, पण त्यांच्या जाहिरातींत त्याची आठवण कोणाला होत नाही.

रुग्णालयाच्या दारात नेमकं काय लागतं?

हा प्रश्न यवतमाळने अनुभवला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर आंदोलनात उतरले. आवारातली सुरक्षा हा त्यांच्या मागण्यांचा मुख्य मुद्दा होता. पुढे जानेवारी २०२३ मध्ये याच रुग्णालयात वॉर्डात दाखल असलेल्या एका रुग्णाने डॉक्टरांवर चाकूने हल्ला केला.

अशा घटनांनंतर ‘माजी सैनिक नेमा’ ही मागणी सगळीकडेच होते. मागणी रास्त आहे, फक्त तिच्यामागचं चित्र तपासायला हवं. चित्र असं, की दारात उंचापुरा फौजी उभा राहिला की कोणी आत घुसणार नाही. पण या दोन घटना एकमेकींसारख्या नाहीत. पहिली रात्रीच्या अंधाऱ्या आवारातली. तिथे गस्त, दिवे, येण्याजाण्याच्या वाटा, रात्री कोण कुठे थांबलं याची नोंद यांचा प्रश्न आहे. गस्त आखणं हे लष्करातल्या जवानाचं रोजचं काम, इथे तो खरोखर उपयोगी. दुसरी घटना वॉर्डाच्या आतली आणि हल्ला करणारा बाहेरचा नव्हता, खाटेवरचाच होता. तिथे फाटकावरचा कितीही दणकट रक्षक उपयोगाचा नाही. तिथे रुग्णाचं वागणं बदललं आहे हे ओळखणारा, परिचारिकेचं म्हणणं ऐकणारा आणि आवाज न चढवता जवळ जाणारा माणूस लागतो.

आणि रुग्णालयातला नेहमीचा प्रसंग तिसराच असतो. रात्री दोन वाजता दारव्ह्याहून किंवा घाटंजीहून रुग्ण आणलेले आठ नातेवाईक, सगळ्यांना आत जायचं आहे, सगळे घाबरलेले आहेत. दुर्गोत्सवाच्या दहा दिवसांत गर्दीत उभं राहून ‘दादा, जरा बाजूने चला’, ‘मावशी, इकडून या’ म्हणत मिरवणुका पार पाडलेल्या पोलीस शिपायाला हा प्रसंग हाताळण्याचा अनुभव पलटणीतल्या जवानापेक्षा जास्त असतो. म्हणजे ‘फौजी चांगला की पोलीस’ या वादाला उत्तर नाही. काम कोणतं, ते आधी ठरवावं लागतं.

समज तिसरा : हुकूम पाळणारी माणसं, त्यांना भावना कळत नाहीत

हा समज फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत स्टीव्हन शेफर्ड, आरन के आणि कर्ट ग्रे या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं, की लोक माजी सैनिकांना कर्तबगार मानतात, त्यांचा आदर करतात, पण त्याच वेळी त्यांना भावना कमी असतात असंही धरून चालतात. परिणामी माणसांशी, भावनांशी संबंध येणाऱ्या कामांसाठी ते कमी योग्य समजले जातात. या समजाला आदराचा आधार आहे, म्हणूनच तो दिसत नाही. १५ ऑगस्टला सत्कार करणारी संस्था समुपदेशक, वसतिगृह अधीक्षक, रुग्ण-सहायक किंवा विक्री प्रतिनिधी नेमताना त्याच माणसाचा अर्ज बाजूला ठेवते, आणि यात काही विरोधाभास आहे असं तिला वाटतही नाही.

लष्करात प्रत्येक जण रायफल घेऊन सीमेवर नसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. सप्लाय कोरचा चालक, ईएमईचा मेकॅनिक, सिग्नल्सचा ऑपरेटर, सॅपर, नर्सिंग असिस्टंट, स्टोअरकीपर, क्लार्क, स्वयंपाकी असे कितीतरी ट्रेड आहेत. एका कंपनीत साधारण सव्वाशे माणसं असतात. त्यांचं रेशन, कपडे, तंबू, भांडी यांचा हिशेब कंपनी क्वार्टरमास्टर हवालदाराकडे असतो. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याच्या स्टोअरमध्ये किंवा एखाद्या मोठ्या गोदामात हेच काम ‘इन्व्हेंटरी’ या नावाने चालतं. गडी तोच, काम तेच, पण बायोडाटात ‘सीक्यूएमएच’ अशी अक्षरं लिहिलेली असतात आणि समोरच्याला ती कळत नाहीत. मग ‘सैन्यात होता ना, गेटवर बघा’ असं होतं.

आकडे काय सांगतात?

देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक सेवेतून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी राखीव जागा भरपूर दिसतात. केंद्रात गट ‘क’ मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’ मध्ये २० टक्के. सार्वजनिक बँकांत अनुक्रमे १४.५ आणि २४.५ टक्के, ज्यात अपंगत्व आलेल्या सैनिकांचा आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा वाटाही आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण.

प्रत्यक्षात २०२१ च्या मध्याची पुनर्वसन महासंचालनालयाची आकडेवारी पाहिली, तर माहिती देणाऱ्या केंद्रीय विभागांत गट ‘क’ मध्ये माजी सैनिक सव्वा टक्क्याच्या आसपास होते आणि गट ‘ड’ मध्ये पावणेतीन टक्क्यांहूनही थोडे कमी. बँकांत चित्र बरं, पण बोलकं : गट ‘क’ मध्ये सुमारे ९ टक्के, गट ‘ड’ मध्ये सुमारे २१ टक्के. म्हणजे खालच्या गटातला वाटा जवळपास भरला, लिपिकाच्या खुर्चीचा बराच रिकामा राहिला.

याचं सगळं खापर पूर्वग्रहावर फोडता येणार नाही. लेखी परीक्षेत पंचविशीतल्या मुलांबरोबर बसावं लागतं, पात्रतेचे कागद जुळत नाहीत, अनेकांना नियमच माहीत नसतात. त्यातला एक महत्त्वाचा नियम : दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या गट ‘क’ च्या पदवी-पात्रतेच्या पदांसाठी पात्र धरता येतं. महाराष्ट्राच्या भरती जाहिरातींतही अशी तरतूद येते. ‘मी दहावीच आहे’ म्हणून अर्जच न भरणारे कमी नाहीत.

समज चौथा : पेन्शन आहे, कमी पगार चालेल

वणी परिसरातल्या उकणी, निलजई अशा कोळसा खाणींपासून गावातल्या एटीएमपर्यंत सगळीकडे हा हिशेब ऐकू येतो. त्याला आधी पेन्शन आहे, आठ-दहा हजारांत तयार होईल, बारा तास उभा राहील.

किमान वेतन कामावर ठरतं. कामगाराला दुसरीकडून काय मिळतं याचा त्याच्याशी संबंध नाही. निवृत्तिवेतन हे आधी केलेल्या सेवेचं आहे. मालकाला त्यातून सवलत मिळत नाही. ठरलेल्या वेळेपुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी हे निकष लागू असतील तिथे माजी सैनिकालाही लागू आहेत.

शिवाय सगळ्यांना जुनी पेन्शन आहे हेही गृहीतच. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी अंशदायी योजना आली, पोलीसही त्यातच आले. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या पोलिसाचा हिशेब तर आणखी वेगळा असतो.

समज पाचवा : फौजी आहे, म्हणजे पडताळणीची गरज नाही

कौतुकातून आलेला हा समज दोन्ही बाजूंना महागात पडतो. २००५ चा कायदा सांगतो, की सैन्यदल, पोलीस किंवा सरकारी सेवेतून गैरवर्तनाबद्दल वा नैतिक अधःपतनाबद्दल बडतर्फ केलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही. चारित्र्य पडताळणी सगळ्यांसाठी आहे. माजी सैनिकाकडे डिस्चार्ज बुक असतं. त्यात सेवेचा कालावधी, ट्रेड, बाहेर पडण्याचं कारण आणि वर्तणुकीचा शेरा असतो. ‘एक्झेम्प्लरी’, ‘व्हेरी गुड’ असे ते शेरे. दोन मिनिटांचं वाचन आहे, पण फारसं कोणी करत नाही. कागदपत्रांवर शंका आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

निविदेत ‘माजी सैनिक पुरवू’ म्हणायचं आणि फाटकावर दुसऱ्याच कोणाला उभं करायचं, ही तक्रारही अधूनमधून ऐकू येते. ओळखपत्र पाहण्याची सवय असेल तर तिला जागा राहत नाही.

मग विचारायचं काय, आणि लिहायचं काय?

नेमणूक करणाऱ्याने ‘कुठे पोस्टिंग होतं?’ हा प्रश्न मागे ठेवावा. गप्पा छान होतात, माहिती काही मिळत नाही. त्याऐवजी : शेवटच्या पाच वर्षांत रोजचं काम काय होतं? हाताखाली किती माणसं? कोणत्या वस्तूंचा किंवा रजिस्टरचा हिशेब तुमच्या सहीने होता? कोणी ऐकत नव्हतं तेव्हा काय केलं? कोणत्या यंत्रावर हात बसलेला आहे? पोलिसाला सीसीटीएनएसवर नोंदी करायचा सराव आहे का, हेही विचारावं. ज्याला तो आहे, त्याला संगणक नवा नाही.

अर्जदाराने अक्षरांचे संक्षेप सोडून साध्या मराठीत लिहावं. ‘मुद्देमाल कारकून, ४ वर्षे’ ऐवजी ‘जप्त मालाची नोंद, साठवण आणि न्यायालयात सादरीकरण, ४ वर्षे’. ‘एमटी हवालदार’ ऐवजी ‘वाहनताफ्याची देखभाल, इंधनाचा हिशेब, चालकांच्या पाळ्या’. काही ठिकाणी मात्र नुसतं लिहून भागत नाही. लष्करी वाहन परवाना नागरी परवान्यात करून घ्यावा लागतो. नर्सिंग असिस्टंटचा अनुभव कितीही असला, तरी परिचारक म्हणून नोंदणी आपोआप मिळत नाही. हे अडथळे खरे आहेत आणि सेवेत असतानाच सोडवलेले बरे. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम त्यासाठीच असतात.

नोंदणीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांचं मनुष्यबळ पुरवणारं राज्याचं महामंडळ म्हणजे मेस्को, तिथेही नाव नोंदवता येतं. निवृत्त पोलिसांसाठी अशी एकच ठराविक खिडकी नाही, त्यामुळे त्यांचं बरंचसं ओळखीवर चालतं.

आता अग्निवीर येणार

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे परततील. पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी मुलं ज्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्यात दिसतात, तिथे हे परतणारेही प्रत्येक तालुक्यात असतील.

त्यांना निवृत्तिवेतन नाही, सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी आहे. योजनेच्या अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर सांगितलेलं माजी सैनिकांचं आरक्षण त्यांना थेट लागू होत नाही. अग्निवीरांसाठी काही दलांत वेगळा कोटा आहे, तो निराळा. वय पंचविशीच्या आसपास. बारावी झालेली, पुढचं शिक्षण अर्धवट किंवा व्हायचं राहिलेलं. ‘पेन्शन आहे’ आणि ‘वय झालं आहे’ हे दोन्ही समज त्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी खोटे ठरतात. त्यांनाही गेटवरच पाठवायचं की स्टोअर, कार्यशाळा आणि कार्यालयात बसवून पाहायचं, हे जिल्ह्यातल्या नोकरी देणाऱ्यांना येत्या वर्षभरात ठरवावं लागेल.